बसतं माप

कपडा अंगावर बसला पाहिजे,
मार्गो मावशी म्हणायची, ओठांत टाचण्या धरून.
चाळीस वर्षं मी कापड बसवत आले
उभ्या माणसांवर,
कुताइसीच्या नाटकघरामागच्या खोलीत,
जिथे हिवाळ्यात वीज गेली
की मशीनचं चाक हातानं फिरवायचं.

मग दारेजान आली. वय सतरा.
टेप घेऊन मी सवयीनं म्हणाले,
सरळ उभी राहा.
खोलीतली कात्रीसुद्धा गप्प झाली.
"मी बसलेच आहे," ती म्हणाली,
"आता तुमचं कापड बसवा."

बसलेल्या अंगाचं माप वेगळंच निघतं.
पाठ लांब, पोट आखूड,
कंबर जिथे असायला हवी तिथे नसते.
मांडीखाली एक चुणी राहिली
तर रात्रीतून तिथे जखम होते,
हे तिच्या आईनं सांगितलं.
माझ्या एकाही वहीत नव्हतं.

पहिला झगा घोट्यापर्यंतच ठेवला,
चाकात जाऊ नये म्हणून. शहाणपणानं.
तिनं आरशात बघितलं, बराच वेळ.
"कार्तुलीत बाईचे पाय कुणाला दिसतात?"

खरं होतं.
आमच्या या नाचात बाई चालत नाही,
घेराखाली पावलं इतकी बारीक पडतात
की बघणाऱ्याला वाटावं, चाकांवर निघाली.
पोरी वर्षानुवर्षं टाचा झिजवतात
तेवढ्या एका भासासाठी.
"त्यांचे पाय झाकता," ती म्हणाली,
"मग माझीच चाकं उघडी का?"

दुसरा झगा जमिनीपर्यंत.
तालमीत तिसऱ्या वळणावर
चाकानं घेर गिळला,
कंबरेपासून टरकला. ढोल थांबला.
तिनं मला एक शिवी हासडली,
जुनी, माझ्या सासूच्या तोंडची.
मीही एक दिली.
मग दोघींनी मिळून चाकातून
रेशीम ओढून काढलं, इंच इंच.

तिच्या जोडीचा उशांगी वेगळंच प्रकरण.
कोटाची आतली शिवण त्याला चावते,
म्हणून सगळ्या शिवणी बाहेर काढल्या,
वरून गोफ लावला.
छातीवरची काडतुसं लाकडाची केली, वाजू नयेत म्हणून.
उजवीकडे आठ, डावीकडे चुकून नऊ.
त्यानं मोजली. पुन्हा मोजली.
कोट खुंटीला अडकवला आणि घरी गेला.
त्याला मापात पाप चालत नाही.

पण नाच जणू त्याच्यासाठीच बेतलेला.
पुरुषानं बाईला शिवायचं नाही,
कोटाच्या काठानंही नाही.
उशांगीला तर कुणीच शिवलेलं सोसत नाही.
मी त्याचं मापसुद्धा घेतलं ते
त्याच्या जुन्या सदऱ्यावरून.

तिसऱ्या झग्याला टोपल्या विणणारा गेरोंती धावून आला.
हेझलच्या फांद्या रात्रभर पाण्यात भिजवल्या,
वाकवल्या, कडं केलं,
की घेर चाकापासून चार बोटं लांब राहील.
लोंबत्या बाह्यांना कोपराशी छुपा टाका.
पाठीमागे गुंड्या नाहीत, लोहचुंबक.
तिची ती लावते. आईला हात लावू देत नाही.

प्रयोगाच्या रात्री मी पडद्याआड,
सुईत दोरा ओवून तयार.
उशांगी तिच्याभोवती वर्तुळं काढतोय,
नजर तिच्या कानातल्या डुलावर,
डोळ्यांत नाही. चालतं.
पांढरा घेर सरकत निघाला
आणि पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली,
पोरीचं पाऊल बघ काय हलकं आहे.

तेवढ्यात ढोल हळू झाला
आणि डावं चाक
कुंई कुंई
सगळ्या नाटकघराला ऐकू आलं.

माझी सुई बोटात घुसली.
दारेजाननं मान वळवली नाही.
तिनं उलट एक गिरकी जास्त घेतली,
आवाजासकट.

नंतर मशीनच्या तेलाची झारी घेऊन
मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले.
गुडघे वाजले माझे.
"आधी त्यांना तेल घाला," ती म्हणाली.